घर्मग्रंथींच्या सौम्य गाठी : सूक्ष्मदर्शकाखालील काही फसवी रूपे

नाक, गाल अथवा वरच्या ओठाजवळ सावकाश वाढणारी, टणक व न दुखणारी गाठ पुष्कळदा चरबीची समजून काढली जाते. अशा गाठींपैकी काही घर्मग्रंथींच्या असतात. त्यांतील ‘कॉन्ड्रॉइड सिरिंगोमा’ या अर्बुदाचा विचार आम्ही येथे करीत आहोत. हर्श व हेलविग यांनी १९६१ साली हे नाव सुचविले.

नेहमीच्या रंजनात काचपट्टीवर दोन घटक दिसतात. एक म्हणजे नलिका. त्यांचा आतील स्तर घनाकार पेशींचा, तर बाहेरील चपट्या पेशींचा असतो. दुसरा घटक म्हणजे भोवतालची निळसर, श्लेष्मल आधारऊती. तीत जागोजागी कूर्चा, कधी चरबी आणि क्वचित हाडही आढळते. लाळग्रंथीच्या मिश्र अर्बुदाशी हे रूप इतके जुळते की, गाठ नेमकी कोठून काढली हे ठाऊक नसल्यास निदान चुकू शकते.

काही गाठींत याहून फसवी लक्षणे दिसतात. केंद्रक एका बाजूस सरकलेल्या गुलाबी पेशींचे पुंजके पाहून प्लाझ्मा पेशींच्या अर्बुदाचा भास होतो. कोठे मोठी, गडद, वेडीवाकडी केंद्रकेही असतात. केवळ त्यांवरून कर्करोगाचे निदान केले, तर रुग्णाच्या चेहऱ्यावर अनावश्यक मोठी शस्त्रक्रिया ओढवते. उलटपक्षी, या अर्बुदाचा घातक प्रकार दुर्मिळ असला तरी अस्तित्वात आहे आणि तो हातापायांवर अधिक आढळतो.

म्हणून एका पेशीवर भिस्त न ठेवता आम्ही संपूर्ण गाठीची रचना पाहतो. कडा रेखीव व गुळगुळीत असून पेशीविभाजन तुरळक असेल, तर विचित्र केंद्रके असूनही गाठ सौम्य मानता येते. सभोवतालच्या ऊतीत शिरकाव, मुख्य गाठीलगतच्या उपगाठी, मृत ऊती आणि वाढलेले पेशीविभाजन ही मात्र धोक्याची चिन्हे होत.

कडा लहानशा तुकड्यात दिसत नाहीत. यास्तव शल्यचिकित्सकांना आमची विनंती आहे की, शक्य असेल तेथे गाठ थोड्या निरोगी ऊतीसह अखंड काढावी, तिच्या दसपट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये पाठवावी आणि सोबत रुग्णाचे वय, गाठीची जागा व कालावधी लिहावा. गाठ अपुरी काढल्यास ती पुन्हा उद्भवू शकते. म्हणून रुग्णांनीही आपला अहवाल जपून ठेवावा.