सूज किती वेळात आली?

बोरी बुद्रुक

चि. गौरी,

काल आळेफाट्यावर तुझ्या मैत्रिणीचे वडील भेटले. कौतुकानं सांगत होते, "गौरीचा गुडघा मॅटवर कटकन वाजला, पण पोरगी जिद्दीची, पट्टी बांधून कबड्डीच्या निवड चाचणीला उतरणार आहे." मला पुढचं काही ऐकू येईना. फोनवर तू 'जरा मुरगळलाय' एवढंच म्हणालीस. आता खरं सांग, सूज किती वेळात आली? दुसऱ्या दिवशी, की तासा-दोन तासांत गुडघा टम्म झाला?

गुडघ्याची आकृती तू पेपरात काढून आलीस, तुला हे मी शिकवायला नको. मांडीचं हाड नि नडगी यांना सांध्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारं ते लिगामेंट, तुमचं एसीएल, तुटलं की आत रक्त उतरतं आणि सूज लगोलग चढते. बोनस घेऊन तू डाव्या पायावर गर्रकन वळतेस. मातीत पाय थोडा सरकून जातो, मॅटवर बूट चिकटून बसतो. पाऊल जागच्या जागी, अंग फिरलेलं, मधला सगळा पीळ गुडघ्यावर. कुणाचा धक्काही लागावा लागत नाही. मुलींना ही इजा मुलांपेक्षा जास्त होते, हेही तुला वर्गात सांगितलं असेलच.

आणि हे दुखणं भारी फसवं. काही आठवड्यांत सूज उतरते, सरळ चालता येतं, वाटतं झालं बरं. मग एखाद्या वळणावर गुडघा सटकतो आणि आतली कूर्चेची गादीही फाटते. माझं तेच झालं. जत्रेच्या सामन्यात गुडघा वाजला, चोळून, शेकून, फडकं आवळून पुढच्या सामन्याला उतरलो. सगळ्यांनी पाठ थोपटली, अडवलं कुणीच नाही. ऐन उमेदीत मैदान सुटलं. उसाला पाणी धरताना बांधावरून उतरायचं तर अजून दुखरा पाय आधी खाली टाकून मग दुसरा उचलतो, हे तू लहानपणापासून बघतेस. कबड्डीचा विषय निघाला की मी उठून का जातो, ते मात्र तुला कधी सांगितलं नव्हतं.

२०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघा दुखावला म्हणून कुस्तीगीर विनेश फोगाटला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं होतं. शस्त्रक्रिया झाली, ती कित्येक महिने थांबली, आणि २०१८ला जकार्तात आशियाई स्पर्धेचं सुवर्ण घेऊन आली. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. मांडीमागचे स्नायू नडगीला मागे खेचून धरतात, ते नीट कमावले तर पुष्कळ आधार मिळतो. पण आधी आत काय तुटलंय ते कळायला नको का? शस्त्रक्रिया झालीच तर नऊ महिने तरी चढाईचं नाव काढायचं नाही. चाचणी पुढच्या वर्षीही असते गं.

रागावून लिहिलं. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी चढाई बघताना माझे हात आपोआप मुठी आवळतात, एवढी तू मला गुणाची वाटतेस.

तुझ्या आईला अजून काही बोललो नाही. खर्चाचं मनात आणू नकोस, कांद्याचे पैसे हातात आहेत. रविवारी सकाळच्या गाडीनं पुण्याला येतो, सोमवारी आपण दोघं हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊ, ते म्हणाले तर एमआरआय करू. तोवर जिना चढू नकोस, मैत्रिणीला खोलीवर डबा आणायला सांग. आणि सूज कधी आली ते आज रात्रीच फोन करून कळव, कितीही उशीर झाला तरी मी जागा आहे.

तुझा
मामा