जुन्या मोटारसायकलीचा जीर्णोद्धार

नवी मुंबईत खाडीचा खारा वारा लोखंडास लवकर गंज चढवितो. म्हणून घरी पडून राहिलेल्या मोटारसायकलीचा जीर्णोद्धार कसा करावा, हे आम्ही म्हैसूर येथे १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या जावा गाडीच्या उदाहरणाने सांगतो.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे चित्र काढावे. त्याचे स्क्रू वेगळ्या डबीत ठेवून वर नाव लिहावे. या गाडीत किक मारण्याचा व गियर बदलण्याचा दांडा एकच असतो, हे ध्यानात ठेवावे. पिस्टनास वंगण पेट्रोलात मिसळलेल्या तेलातूनच मिळते. ते घालण्यास विसरल्यास पिस्टन तापून सिलिंडरात अडकतो.

आता सजावटीविषयी. रंग बदलल्यास परिवहन कार्यालयात नोंद करावी. सांगाडा मात्र कापू नये. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असेल तरच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदली जाते; आणि कापलेला सांगाडा पुन्हा मूळचा होत नाही.

पालकांनीही या कामी मुलांस जवळ बसवावे. वडिलांच्या हातची वस्तु आपणांकडे ठेव म्हणून आलेली असते. विश्वासू कारभाऱ्याप्रमाणे ती सांभाळावी व पुढील पिढीच्या स्वाधीन करावी, हेच आमचे सांगणे.