इन्सुलिन मांडीवर, बॅगेच्या तळाशी नाही

सातारा

चि. सौ. मृण्मयीस,


काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "आत्या, इन्सुलिन मोठ्या बॅगेत खाली ठेवते. सासरच्या मंडळींसमोर सारखं काढायला नको वाटतं." फोन ठेवला, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. म्हणून लिहायला बसले. लग्नानंतरचा पहिला मोठा प्रवास, मुंबई ते सिंगापूर विमान आणि पुढे चार रात्रींची क्रूझ. तुझा आनंद मला कळतो. पण ते इन्सुलिन बॅगेच्या तळाशी जाणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी आणि तुझे काका असेच सिंगापूरहून क्रूझला गेलो होतो. विमानात मी सगळं नीट हातात ठेवलं होतं. बंदरावर मात्र मोठ्या बॅगा दारातच घेतात आणि त्यांवर खोलीच्या नंबरची चिठ्ठी लावून आपल्याला मोकळ्या हाताने आत पाठवतात. मला वाटलं, पाठोपाठ येतीलच. दुपारी एकला जेवणाची पानं समोर आली तेव्हा लक्षात आलं की पेन बॅगेत आहे. बॅग आली संध्याकाळी सातला. तोवर मी खोलीबाहेरच्या बोळात उभी राहून प्रत्येक ढकलगाडी बघत होते. शुगर ३८० च्या वर गेली होती आणि जीभ टाळूला चिकटत होती. माझा डायबेटिस टाइप टू, तरी ही गत. तुझा टाइप वन आहे, तुझ्या शरीराला तेवढीही उसंत नाही. तेव्हा विमान असो वा बोट, पेन, सुया, मीटर, पट्ट्या, शुगरचा जास्तीचा सेन्सर आणि ग्लुकोजच्या गोळ्या खांद्यावरच्या पिशवीतच राहतील. जितके दिवस जाणार त्याच्या दुप्पट सामान घे, आणि त्यातलं अर्धं नवऱ्याच्या हातातल्या बॅगेत ठेव. एक बॅग हरवली तरी दुसरी असेल.

सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलं की वितळल्यावर दिसायला तसंच दिसलं तरी टाकून द्यायचं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं. चालू पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं, तुझ्या पेनाची नेमकी मुदत खोक्यावर बघ. आपल्या गावी लोडशेडिंगच्या दिवसांत लोक ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात इन्सुलिन जपायचे. तुला देणार आहे ती पाण्यात भिजवायची थंड पिशवीही त्याच तत्त्वावर चालते. मात्र सिंगापूरची हवा दमट, पाणी हळू उडतं, म्हणून ती कोंडून ठेवू नकोस आणि तिच्यावरच विसंबूही नकोस. खोलीतला छोटा फ्रीजही फसवा असतो. कधी तो नुसता गार करतो, कधी मागच्या पत्र्याला टेकलेली पेनं गोठवतो. औषधासाठी फ्रीज हवा असं कंपनीला आधीच कळव. वापरलेल्या सुयांसाठी डबाही माग, कचऱ्याच्या टोपलीत सुई टाकू नकोस. साफसफाई करणाऱ्याच्या हाताला लागते.

आता कागद. डॉक्टरांचं पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसह घे. आपल्याकडची कंपनीची नावं बाहेर कुणाला कळत नाहीत. आणि एक गोष्ट तुझ्यासाठी मुद्दाम लिहिते. पासपोर्टवर अजून माहेरचं नाव आहे ना? मग पत्रही त्याच नावाने हवं. हल्ली दवाखान्यात तुझा केसपेपर नव्या आडनावाने निघतो, ते आधी सरळ करून घे. गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू दे, वारांच्या डबीत काढून ठेवू नकोस.

सासूबाई रात्री झोपेची गोळी घेतात असं तू म्हणाली होतीस. सिंगापूरमध्ये झोपेच्या आणि चिंतेच्या बऱ्याच गोळ्यांना, कोडीनसारख्या कडक वेदनाशामकांना आगाऊ परवानगी लागू शकते. तिथल्या हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीच्या संकेतस्थळावर गोळीचं नाव टाकून बघ, हे काम निघायच्या आठवड्यात करायचं नाही. नेहमीची औषधंही तीन महिन्यांच्या वर नेता येत नाहीत. आणि सासूबाई फराळाचा डबा बांधणार असतील तर अनारसे काढून ठेवायला सांग. खसखस तिथे अमली पदार्थांच्या नियमात येते.

सासऱ्यांचं झोपेत श्वासासाठी लावायचं सीपॅप मशीन हातातच न्या, टाकीतलं पाणी काढून. बॅटरी असेल तर ती केबिनमध्येच, १०० वॉट-अवरपर्यंत. त्याहून मोठी असेल, १६० पर्यंत, तर विमान कंपनीची परवानगी लागते. बोटीवर त्यांची खरी अडचण प्लगची होईल. बिछान्याजवळ बऱ्याचदा सॉकेट नसतं, आणि बऱ्याच बोटी आपला एक्स्टेन्शन बोर्ड आगीच्या भीतीने काढून घेतात. बोटीवरचं एक्स्टेन्शन आणि डिस्टिल्ड वॉटर दोन्ही आत्ताच ईमेल करून मागून घे.

सुरक्षा तपासणीला सेन्सर झाकू नकोस. पडद्याआडच्या बाईंना आधीच सांग, "शुगर का सेन्सर है, हाथ से चेक कीजिए." दंडावरचं हे काय, असं त्यांनी विचारण्याआधी आपण सांगितलं की आवाज वर चढत नाही, हा माझा दर वेळचा अनुभव आहे. स्कॅनरबद्दल सेन्सरच्या पुस्तिकेत काय लिहिलंय तेही वाचून ठेव. विमानात पेनाला सुई लावून ठेवू नकोस, आत हवा शिरते.

बोट लागली, उलट्या झाल्या, काही खावंसं वाटलं नाही, तरी लांब पल्ल्याचं इन्सुलिन बंद करायचं नाही. टाइप वनला हे सगळ्यात जास्त नडतं. अशा वेळी किती घ्यायचं, कीटोन कधी तपासायचे, हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घे आणि नवऱ्याला वाचायला दे. बोटीवर दवाखाना असतो, पण तो छोटा, आणि बिल खोलीच्या खात्यावर चढतं. विम्यात डायबेटिस लपवला असेल तर ते पैसे परत मिळत नाहीत. फुकेतला उतराल तेव्हा तिथलं घड्याळ सिंगापूरच्या तासभर मागे असतं, बोटीचं कुठलं ते विचारून घे. बोट उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही, म्हणून किनाऱ्यावर जाताना दोन दिवसांचं इन्सुलिन सोबत असू दे.

आणि सासरच्या मंडळींचं म्हणशील, तर निघण्यापूर्वी एक दिवस स्वयंपाकघराच्या ओट्यावर सगळं सामान मांडून बस. पेन कसं फिरवायचं, शुगर उतरली की तू कशी गप्प होतेस, ग्लुकोज कुठल्या कप्प्यात आहे, सगळं दाखव. तुझे सासरे रोज रात्री तोंडावर मास्क बांधून झोपतात, त्यांना तुझ्या सुईचं काय वाटणार आहे?

शनिवारी येऊन जा. थंड पिशवीची एक शिवण उसवली आहे, तोवर टाके घालून ठेवते.

तुझी,
आत्या