साठ महिन्यांनंतरची हरकत

प्रश्न : वडिलांचा आरोग्यविमा सात वर्षे अखंड चालू आहे. आता हृदयशस्त्रक्रियेचा दावा कंपनीने, रक्तदाबाचा विकार मूळ अर्जात दडविला, या सबबीवर नामंजूर केला. अर्ज एजंटाने भरला होता. काय करावे?

उत्तर : विमा हा करार असून काही जोखमी प्रारंभीच वगळण्याचा अधिकार कंपनीस आहे, हे मान्य करूनही आपणांस दिलेले कारण मला ग्राह्य वाटत नाही, कारण विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे सलग ६० महिने विमा चालू राहिल्यावर, फसवणूक शाबीत झाल्याखेरीज, माहिती दडविल्याची हरकत कंपनीस घेता येत नाही, आणि एजंटाने ‘नाही’च्या रकान्यात खूण केली एवढ्यावरून वडिलांचा कपटी हेतू शाबीत होत नाही. मात्र मध्यंतरी विम्याची रक्कम वाढविली असल्यास वाढीव रकमेपुरती ही मुदत वाढीच्या तारखेपासून धरतात. आणि विमापत्रातील कायमचे अपवाद मुदतीनंतरही कायमच राहतात.

घरात रुग्ण असता कागदपत्रांची धावपळ किती जाचक होते, हे मी जाणतो. तरी नामंजुरीच्या पत्रात कोणत्या कलमाचा आधार घेतला आहे ते पाहून मूळ अर्जाची नक्कल मागवावी व कंपनीकडे लेखी तक्रार दाखल करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.