सल्लागार कोणाच्या बाजूचा?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'कर्ज' हा शब्द मी घरी ऐकला आणि 'लोन' शाळेत. दोन्ही एकच, हे बरंच उशिरा कळलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पदरात घ्याव्यात. आकडेमोड मात्र माझी आहे, ती तपासून बघायला हरकत नाही.

गेल्या पीएलमध्ये सकाळी पावणेसातला फोन वाजला. अनोळखी माणूस. "वडील हप्ता भरत नाहीत आणि तू होस्टेलवर मजा करतेस काय?" बाबांनी दुकानासाठी वैयक्तिक कर्ज काढलं होतं आणि अर्जात माझा नंबर दिला होता. दुकान बसलं, तीन हप्ते थकले. मग फोन रोजचाच झाला. एकदा तर रेक्टर मॅडमच्या ऑफिसात आला. त्या दिवशी मेसमध्ये जेवायला जायचीसुद्धा लाज वाटली.

सुट्टीत आम्ही एका कर्जसल्ला केंद्रात गेलो. सल्ला फुकट. समोर बसलेले काका बँकेतून रिटायर झालेले, आणि केंद्र चालवणारीही एक बँकच! बाबा त्यांना सारखे "साहेब, साहेब" करत होते. काकांनी चहा मागवला, घरखर्चाचा तक्ता मांडला आणि मुदत वाढवून घेण्याचा अर्ज स्वतः लिहून दिला. माणूस खरंच चांगला.

रूमवर आल्यावर मी कॅल्क्युलेटर काढला. बाकी ३ लाख, व्याज वर्षाला १५ टक्के. ३ वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण १०,४०० रुपये आणि एकूण व्याज ७४ हजार. मुदत ६ वर्षं केली की हप्ता ६,३४३ वर येतो, पण व्याज होतं १ लाख ५७ हजार. म्हणजे हप्ता निम्मासुद्धा झाला नाही आणि व्याज दुपटीच्या वर गेलं. बाबांना श्वास घ्यायला जागा मिळाली हे खरं. पण बँकेने सोडलं काय? एक रुपयाही नाही.

मग मी वाचायला लागले (व्हायवाचा अभ्यास सोडून, हे सरांना सांगू नका). आपल्याकडे बँक ऑफ इंडियाने २००६ मध्ये मुंबईत 'अभय' नावाचं केंद्र काढलं. २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या मदतीने 'दिशा' ट्रस्ट आला. 'अभय' नाव मला फार आवडलं, फक्त ज्याची भीती वाटते त्यानेच ते द्यायचं ही गंमत आहे. रिझर्व्ह बँकेला हे दिसलं नसेल असं नाही. २००९ च्या तिच्या योजनेत अशा केंद्रांनी मूळ बँकेपासून अंतर ठेवावं, असं सांगितलेलं होतं. पण २०१२ मध्ये नव्या सूचना आल्या आणि केंद्रांचं नाव 'वित्तीय साक्षरता केंद्र' झालं. नावातलं समुपदेशन गेलं, साक्षरता राहिली. जणू कर्ज थकतं ते माणूस अडाणी असतो म्हणूनच. माझे बाबा बी.कॉम. आहेत.

बँकेच्या पैशावर चालणारी संस्था बँकेचीच बाजू घेणार, असं मी ठरवून टाकलं होतं. पण ब्रिटनचं उदाहरण आडवं आलं. तिथली स्टेपचेंज ही संस्था १९९३ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली आणि तिला पैसा मुख्यतः सावकार कंपन्यांकडून येतो. तरी तिने कर्जदाराला काही दिवसांची मोकळीक कायद्याने मिळावी म्हणून मोहीम चालवली. ४ मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये तशी ६० दिवसांची सवलत आली. त्या काळात वसुली थांबते आणि बहुतेक व्याज-दंडही थांबतो. उलट अमेरिकेत अमेरिडेट स्वतःला ना-नफा म्हणवत होती, आणि कर्जदारांना फसवलं म्हणून फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्ये तिच्यावर खटला भरला. म्हणजे पैसा कोणाचा एवढ्यावरून निकाल लागत नाही.

मला वाटतं खरा फरक हातातल्या हत्याराचा आहे. तिथला सल्लागार सावकाराला सांगू शकतो, "ऐकलं नाहीत तर कायद्याचा मार्ग आहे." आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात गरीब कर्जदाराला ३५ हजारांपर्यंतच्या कर्जातून मोकळं करणारी 'नवी सुरुवात' लिहिलेली आहे. पण डिसेंबर २०१९ मध्ये व्यक्तींसाठीचा भाग लागू केला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच. मग आमच्या काकांनी विनंतीअर्जाशिवाय काय लिहावं?

तरी एक प्रश्न मी त्यांना विचारला होता. "काका, मला फोन करतात त्याचं काय?" ते म्हणाले, "ते आमच्या कामात बसत नाही." मग पेन खाली ठेवलं, दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तू फोनच्या वेळा लिहून ठेवल्यास का, बेटा?"

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला मनाई आहे. कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना त्रास देणंही बसत नाही. तक्रार आधी बँकेकडे लेखी करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. फी नाही, वकीलही लागत नाही. हे सगळं काकांनी एका जुन्या पावतीच्या मागे लिहून दिलं. खाली सही मात्र केली नाही.

मी अकरा फोनच्या तारखा आणि वेळा घालून तक्रार केली. रेक्टर मॅडमनीही त्यांच्या ऑफिसातल्या फोनबद्दल दोन ओळी लिहून सही करून दिली. एकोणिसाव्या दिवशी बँकेचं माफीपत्र आलं आणि फोन बंद झाले. व्याज तेवढंच आहे. ती पावती माझ्या कपाटात आहे, कोणाच्या घरी अशी वेळ आली असेल तर रूमवर येऊन झेरॉक्स न्या.