कोर्स करू, का आहे तिथंच राहू?

प्रश्न : मी कळंब तालुक्यातली. वय ३२. बारावी कला शाखेतून, ४८ टक्के. पती वारले त्याला चार वर्षं झाली. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. तीन वर्षांपासून एका खाजगी दवाखान्यात कामाला आहे. सलाईन लावते, इंजेक्शन देते, बाळंतपणात डॉक्टरांच्या हाताखाली थांबते. पेशंट मला सिस्टर म्हणतात, पण माझ्याकडं कागद कसलाच नाही. पगार सात हजार. डॉक्टर म्हणतात, ‘तुला सगळं येतंय की, कोर्स करून काय वेगळं करणार?’ माहेर तुळजापूर तालुक्यात. तिथं आई आहे, भाऊ-भावजय आहेत. लेकरू सांभाळायला भावजय नाही म्हणत नाही, पण हो पण म्हणत नाही. मी ए.एन.एम. करावं का जी.एन.एम.? का आता वय गेलं? — एक वाचक

उत्तर : वय गेलेलं नाही, पण जायला आलंय, म्हणून सुरुवात तिथूनच करू. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानं या दोन्ही अभ्यासक्रमांना प्रवेशासाठी कमाल वय ३५ आहे. म्हणजे तुमच्या हातात दोन, फार तर तीन प्रवेशफेऱ्या आहेत. बी.एस्सी. नर्सिंगचा विचार सोडून द्या. त्याला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन केलेली बारावी लागते. ए.एन.एम.ला कला शाखा चालते. जी.एन.एम.ला विज्ञानाला प्राधान्य असलं तरी इंग्रजी घेऊन किमान ४० टक्क्यांनी कला शाखा उत्तीर्ण झालेल्यांनाही दार उघडं आहे. ए.एन.एम. दोन वर्षांचं, जी.एन.एम. तीन वर्षांचं.

आता तुमच्या डॉक्टरांबद्दल. तुम्हाला काम येतं हे ते खरंच बोलतात. फक्त त्या येण्याचा फायदा कुणाला होतोय, तेवढं ते बोलत नाहीत. महाराष्ट्रात परिचारिकेची नोंद १९६६ च्या कायद्यानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. त्या नोंदणीशिवाय तुमची तीन वर्षं कुठल्याही सरकारी अर्जाच्या अनुभवाच्या रकान्यात बसत नाहीत. उद्या एखाद्या इंजेक्शननंतर पेशंटला काही झालं, तर ‘सुई कुणी टोचली’ या प्रश्नाला तुमचं नाव पुढं येईल आणि तुमच्या हातात दाखवायला काही नसेल. तालुक्याच्या गावांमधले कितीतरी दवाखाने अशा बिनकागदाच्या सिस्टरांवर चालतात. त्यात तुमची चूक नाही, पण धोका तुमचा आहे.

कागद नसतानाही बाई चांगलं काम करू शकते, हे तुमच्याच भागानं दाखवून दिलंय. १९९३ च्या भूकंपाच्या सुमारास तुमच्या माहेरच्या तालुक्यात, अणदूरला, डॉ. शशिकांत अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं केलं. गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना साध्या आजारांवरचे उपचार शिकवून त्यांनी ‘भारतवैद्य’ तयार केल्या. त्याआधी १९७० पासून भूम-परंड्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी हेच केलं होतं. त्यांच्या आरोग्य कार्यकर्त्यांमध्ये अक्षरओळख नसलेल्या बायका होत्या, आणि त्यांचं काम बघायला परदेशातून माणसं येत. पण ते ज्ञान त्या गावात आणि त्या संस्थेच्या छत्राखाली चालणारं. ते घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात नोकरी मागता येत नाही. तुम्हाला मुलगी एकटीनं वाढवायची आहे, त्यामुळं कुठंही चालेल असं काहीतरी हातात हवं. कोर्स करावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कोणता आणि कसा, यावरच बोलू.

इथं पगाराचे आकडे समोर ठेवा. कायम नोकरीत ए.एन.एम. झालेल्या जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेची वेतनश्रेणी २५,५०० पासून सुरू होते, जी.एन.एम. झालेल्या शासकीय रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेची ३५,४०० पासून. मूळ वेतनातच दहा हजारांचा फरक, म्हणून सगळे म्हणतात जी.एन.एम.च करा. पण कायम नोकरी लगेच लागत नाही. जिल्हा परिषदांच्या भरतीची २०१९ ची जाहिरात पुढं रद्दच झाली आणि नवी यायला २०२३ उजाडलं. तोवर बहुतेकींच्या वाट्याला येतं ते राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं कंत्राटी काम. अलीकडच्या जाहिरातींमध्ये तिथं ए.एन.एम.ला १८,००० आणि स्टाफ नर्सला २०,००० असं मानधन दिसतं. म्हणजे कंत्राटात फरक फक्त दोन हजारांचा. त्या दोन हजारांसाठी तुम्ही आणखी एक वर्ष बिनपगारी काढणार, आणि तेही लेकरापासून लांब.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जी.एन.एम.ची ३५ वर्षांची अट ए.एन.एम. झालेल्यांना लागू नाही. म्हणजे आज ए.एन.एम. करून कमवायला लागलात आणि मुलगी मोठी झाल्यावर चाळिशीत जी.एन.एम.ला जायचं ठरवलंत, तरी वयाचा नियम आडवा येत नाही. उलटं केलंत, जी.एन.एम.ला प्रवेश घेऊन पहिल्याच वर्षी घरच्या अडचणीनं सोडावं लागलं, तर हातात काहीच उरत नाही आणि पस्तिशीही जवळ आलेली असते. माझं मत सरळ आहे : आधी ए.एन.एम.

आरोग्यसेविकेच्या कामाचं स्वरूपही एकट्या आईला त्यातल्या त्यात झेपणारं आहे. उपकेंद्रावर लसीकरणाचे दिवस, गरोदर बायकांची तपासणी, गृहभेटी आणि नोंदवह्या असतात. काम कमी नाही, आणि रात्री दार वाजलं तर उठावंच लागतं. मुख्यालयी राहण्याची अट असते, बदलीही होते. पण लेकरू त्याच गावच्या शाळेत घालून संध्याकाळी त्याच्यासोबत जेवता येतं. मोठ्या रुग्णालयात अनेक ठिकाणी रात्रपाळी आठ ते आठ, बारा तासांची. त्या रात्री मुलगी कुणाजवळ झोपणार, हा प्रश्न नोकरीभर सुटत नाही.

हाच प्रश्न शिकतानाही येतो, आणि निर्णय खरा इथं अडतो. वर्ग चुकला तर अभ्यास करून भरून काढता येईल, पण प्रात्यक्षिकाची हजेरी पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. लेकरू तापलं म्हणून चुकलेली ड्युटी नंतर भरून द्यावी लागते. बहुतेक ठिकाणी वसतिगृहात राहायला सांगतात, आणि तिथं मुलीला सोबत ठेवता येत नाही. ही अडचण आजची नाही. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केलं आणि विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं, तेव्हा शिकणाऱ्या बायकांच्या राहण्याची सोय हा कळीचा मुद्दा होता. तो त्यांनी सोडवला. शंभर वर्षांनंतरही परिचर्येची वसतिगृहं अठरा वर्षांची अविवाहित मुलगी डोळ्यांपुढं ठेवूनच चालतात. लेकुरवाळी विद्यार्थिनी येईल, हे कुणाच्या नियमावलीत नाही. मला याचा राग येतो, पण माझ्या रागानं तुमची सोय होणार नाही.

म्हणून भावजयीशी बोला. ‘सांभाळशील का?’ असं विचारू नका, त्याला ती संकोचानं काहीतरी उत्तर देईल. दोन वर्षं, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत, सुट्टीत लेकरू माझ्याकडं, शाळेचा आणि दवाखान्याचा खर्च माझा, आणि दर महिन्याला एवढी रक्कम तुझ्या हातात, असं मांडा. भावासमोर मांडा, पण रक्कम तिच्या हातात द्या, त्याच्या नाही. आई कितीही म्हणाली ‘मी आहे ना’, तरी डबा भावजयच करणार आहे. आणि मुलीलाही विचारा. आठ वर्षांच्या लेकराला यातलं बरंच कळतं.

ती रक्कम कुठून आणायची? एक पालक वारलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून ती क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावानं चालते आणि त्यात मुलामागं महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज धाराशिवला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. कोर्सचं ठरो न ठरो, तुम्ही हा अर्ज चार वर्षांपूर्वीच करायला हवा होता, उद्याच करा. मात्र पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं धरून कुणाला शब्द देऊ नका. संजय गांधी निराधार योजनेत १,५०० रुपये मिळतात, पण तिला वार्षिक २१,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे. सात हजार पगारावर तुम्ही त्यात बसत नाही. कोर्सला लागल्यावर पगार थांबेल, तेव्हा तहसीलमध्ये पुन्हा विचारा. कागदाच्या कामात सोबत कुणी नसेल, तर मराठवाड्यात एकल महिला संघटनेच्या कार्यकर्त्या गावोगाव आहेत. या योजनांचे अर्ज त्यांच्या रोजच्या हाताखालचे असतात.

फीबद्दल एक इशारा. २०२४ पासून राज्य सरकारनं इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतल्या मुलींना, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, व्यावसायिक शिक्षणाचं शुल्क पूर्ण माफ केलं आहे. पण प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. ‘मॅडम, सीट बघून देतो’ म्हणत एजंट व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश करून देतो, तेव्हा ही माफी हातची जाते, आणि ते तो सांगत नाही. तुम्ही ज्या कोर्सचा अर्ज भरणार, त्याला सवलत आहे का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा. प्रवेशाची पद्धतही तिथंच कळेल, कारण ती मधूनमधून बदलते.

सहा महिन्यांत किंवा वर्षात ‘नर्सिंग’ शिकवतो अशा पाट्या दिसतील. त्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. बाहेरून, घरबसल्या ए.एन.एम. होत नाही. असं प्रमाणपत्र घेऊन तुम्ही परत तुमच्याच डॉक्टरांकडं सात हजारांवर याल. संस्थेचं नाव परिषदेच्या आणि राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाच्या यादीत आहे का, ते आधी पाहा. कळत नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारा. आणि जर्मनीला पाठवतो म्हणणाऱ्यांना तूर्त नमस्कार करा. मागणी खरी आहे, राज्यानं २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग प्रांताशी करारही केलाय, पण आधी ए.एन.एम.च्या वरचं शिक्षण आणि मग भाषा शिकून परीक्षा द्यावी लागते. आठ वर्षांचं लेकरू असताना तो रस्ता आत्ताचा नाही.

दोन वर्षं झाल्यावर तुम्ही पस्तिशीच्या आसपास असाल. सरकारी नोकरीला खुल्या गटात ३८ आणि मागास प्रवर्गात ४३ ही मर्यादा आहे, त्यामुळं प्रवर्ग कोणता हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. मागास प्रवर्गात असाल तर कागद आत्ताच गोळा करायला घ्या. जातीचा दाखला माहेरच्या नावानं, बारावीची गुणपत्रिकाही माहेरच्या नावानं आणि आधार सासरच्या नावानं, अशी तुमची स्थिती असणार. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातला नावबदल त्यांना जोडावा लागेल. नॉन-क्रीमिलेअर दाखल्यासाठी विवाहितेच्या बाबतीतही आई-वडिलांकडचं उत्पन्न पाहतात, तेव्हा भावाला त्या कागदासाठी गाठा. बारावीनंतरच्या वर्षांसाठी शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र लागेल. पतीच्या मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती करून ठेवा, प्रत्येक टेबलावर मागतील. हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये उरकलं तर बरं. निकाल लागल्यावर सेतू केंद्रात अख्ख्या तालुक्याची पोरं रांगेत उभी असतात, आणि दवाखान्यातून तुम्हाला इतके दिवस कुणी सोडणार नाही.