भाड्याचा सर्व्हर, पण लायसन्स कोणाचे?

पार्टीवार येणे-बाकी, विणकरांकडून आलेले तागे, सुताचा शिल्लक साठा, हे रिपोर्ट कापडाच्या धंद्यात रोज सकाळी लागतात. पुष्कळ व्यापारी बंधूंनी हा हिशेब दुकानातल्या संगणकावरून क्लाऊडवर, म्हणजे ॲमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर नेला आहे. भाडे किती, हे सर्व विचारतात. त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे लायसन्स कोणाचे, हे कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

भिवंडीत आमच्या गाळ्यात पावसाचे पाणी शिरले, संगणक निकामी झाला, म्हणून आम्ही कारभार क्लाऊडवर टाकला. संगणकवाल्याने मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर व त्याची रिपोर्टिंग सर्व्हिसेस बसवून दिली. म्हणाला, "शेठ, हे फुकट आहे." वर्षभराने भाच्याने पाहिले तर ती डेव्हलपर आवृत्ती निघाली. ती फुकट मिळते हे खरे, पण सॉफ्टवेअर तयार करण्यास व तपासण्यास. प्रत्यक्ष धंद्याचे रिपोर्ट तिच्यावर काढण्याची इजाजत नाही. कळल्यावर तसेच चालू ठेवणे म्हणजे जाणूनबुजून करार मोडणे.

माग आपला आणि गाळा भाड्याचा, हा प्रकार आपल्याला नवा नाही. माग उचलून दुसऱ्या गाळ्यात नेला तरी तो आपलाच राहतो. सॉफ्टवेअरचे तसे नाही. लायसन्स म्हणजे वापरण्याची इजाजत, आणि ते कोठे चालवावे याची शर्त त्यातच असते. विकत घेतलेले एसक्यूएल सर्व्हरचे लायसन्स सामाईक क्लाऊडवर न्यायचे तर सॉफ्टवेअर ॲश्युरन्सचा करार चालू असावा लागतो. तेव्हा लायसन्स मोबिलिटीचा हक्क मिळतो, व १० दिवसांत पडताळणीचा फॉर्म भरावा लागतो. पूर्वी अख्खे यंत्र आपल्या एकट्यापुरते भाड्याने घेतल्यास हा करार नसला तरी चाले. १ ऑक्टोबर २०१९ पासून घेतलेल्या लायसन्सांना मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, गूगल व अलीबाबा यांच्याकडे ती वाट बंद झाली.

करार नसणाऱ्याने लायसन्ससह सर्व्हर तासावर भाड्याने घ्यावा. मात्र लायसन्सचा आकार कमीत कमी ४ कोअरचा लागतो. २ कोअरचे यंत्र घेऊन त्यात बचत होत नाही. शिवाय डेटा एका यंत्रावर व रिपोर्टिंग सर्व्हिसेस दुसऱ्यावर ठेवली तर दोन्ही यंत्रांना लायसन्स लागते. आमच्या संगणकवाल्याने "वेग वाढेल" म्हणून नेमके हेच करून ठेवले होते!

ज्यांचे लायसन्स कोअरवर नसून माणशी आहे, त्यांनी दलालांचा विचार करावा. सर्व्हर ठरल्या वेळी आपोआप १५ दलालांना येणे-बाकीचा रिपोर्ट पाठवीत असेल तर त्या पंधराही जणांचे लायसन्स लागते, मध्ये दुसरे सॉफ्टवेअर असले तरीही. मुनीमजींनी स्वतः रिपोर्ट काढून हाताने मेल केला तर वाचणाऱ्याला ते लागत नाही. शर्त विचित्र वाटते, पण लिहिलेली आहे.

लहान दुकानदाराला एक्सप्रेस आवृत्ती पुरते. ती फुकट आहे आणि धंद्यास चालते. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत डेटा १० जीबीपर्यंत, रिपोर्ट त्याच यंत्रावरच्या डेटाचे, आणि आपोआप मेल जात नाही. २०२५ च्या आवृत्तीत मर्यादा ५० जीबी झाली, पण रिपोर्टिंग सर्व्हिसेस गेली. तिच्या जागी आलेला पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हर पैसे भरलेल्या स्टँडर्ड किंवा एंटरप्राइझ लायसन्सबरोबर मिळतो, एक्सप्रेसबरोबर नाही.

आमचा डेटा १४ जीबी, म्हणून एक्सप्रेस जमली नाही. दुसरे यंत्र काढून टाकले व एकच ४ कोअरचे, लायसन्ससह घेतले. भाडे पूर्वीच्या जवळजवळ तिप्पट झाले, म्हणून रात्री ९ ते सकाळी ८ सर्व्हर बंद ठेवतो. पहिल्या महिन्यात बंद करूनही बिल पूर्ण आले. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरवर यंत्र आतून शटडाऊन केले तर भाडे चालूच राहते. ते पोर्टलवरून 'स्टॉप' करावे लागते. आता ते काम भाच्याकडे आहे.